हिरवी हंडी, पिवळं वरण : एका प्रतिक्रियेला उत्तर

'स्पष्टवक्ता' यांस सप्रेम नमस्कार,

'एका खोलीत वेगवेगळे दिवे' या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्या बैठकीतले दिवे एकमेकांचे कोणीच लागत नाहीत, असं आपलं म्हणणं. खोलीतले सगळे दिवे एका घडणीचे हवेत, इंदूरच्या माणिकबाग महालात होते तसे. पिवळ्या उजेडात आपल्या वडिलांना पेपर वाचता येत नाही. भाड्याच्या घरात हे चोचले परवडत नाहीत. मी सीआरआयचं नावही काढलेलं नाही. आणि मग सगळ्यात शेवटी, हसरा चेहरा टाकून : 'ताई, त्या हिरव्या हंडीखाली वरणसुद्धा हिरवं दिसत असेल.' (हंडी म्हणजे छताला टांगायचा जुन्या पद्धतीचा काचेचा दिवा.)

मान्य करायचं ते आधी करून टाकते. सीआरआयबद्दल दोन ओळी हव्या होत्या. उन्हात किंवा जुन्या तारेच्या बल्बखाली रंग जसे दिसतात त्याच्या कितपत जवळ ते या दिव्याखाली दिसतात, हे सांगणारा शंभरपैकी आकडा म्हणजे सीआरआय. बाजारातले साधे एलईडी 80 च्या आसपास असतात. त्यांच्याखाली लाल रंग मार खातो, टोमॅटोची कोशिंबीर मलूल दिसते. म्हणून जेवणाच्या टेबलावर 90 च्या वरचा बल्ब लावावा. झालं, राहिलेलं सांगितलं.

आता वरण.

पहिली गोष्ट, माझं जेवणाचं टेबल हंडीखाली नाहीच. फोटो दारातून काढलाय म्हणून तसं वाटतं. हंडी आहे कोपऱ्यात, दिवाणाच्या वर. टेबलावर पितळेची स्वतंत्र शेड आहे, टेबलाच्या पृष्ठभागापासून अडीच-तीन फुटांवर, म्हणजे समोरच्या माणसाचा चेहराही झाकला जात नाही आणि बल्ब डोळ्यांतही जात नाही. लेखात हे लिहिलंय. पण लेख वाचण्यापेक्षा फोटोवरून कोटी करणं सोपं.

दुसरी गोष्ट, आपण हंडी प्रत्यक्ष पाहिली आहे का? तिचं तोंड वर असतं. खाली काच बंद, वर उघडी, कारण तिच्यात मेणबत्ती लावायची. माझ्या हंडीच्या काचेत बारीक बुडबुडे आहेत. काठाला पितळेची पट्टी आहे, तीन साखळ्या वर एका कडीत जमतात आणि एका साखळीच्या कड्यांतून वायर ओवून आणलीय. आत पाच वॉटचा बल्ब. काठाचा एक टवका उडालाय, ती बाजू मी भिंतीकडे वळवून ठेवलीय. उजेडाचा मोठा भाग वरच्या उघड्या तोंडातून पांढऱ्या छतावर जातो आणि तिथून पांढराच खाली येतो. हिरवी झाक पडते ती फक्त शेजारच्या भिंतीवर, हातभर. रंगीत काचेचा दिवा पाहण्यासाठी असतो, त्याच्या उजेडात काम करायचं नसतं. कामाचा उजेड दुसऱ्या दिव्याने द्यायचा. माझ्या अख्ख्या लेखाचा निम्मा मुद्दा हाच होता, आणि आपण नेमका त्याच्यावरच विनोद केलात.

ही हंडी माझ्या आजोळची, जुन्या इंदुरातल्या वाड्यातली. वाडा पडला, वाटण्या झाल्या, आईच्या वाट्याला ती आली. माझे वडील कापड मिलमध्ये वायरमन होते. रंगवलेलं सूत नमुन्याशी जुळतंय की नाही हे रात्री दिव्याखाली कोणी ठरवायला लागलं, तर ते म्हणायचे, सकाळ होऊ दे. दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात, हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. आजही कापड मार्केटात साडी पसंत करणारी बाई ती दुकानाच्या दारापाशी उजेडात नेऊन बघतेच. उजेड आणि रंग यांचं नातं मला असं घरात मिळालंय, भाऊसाहेब. तेव्हा मला निदान वरणाचा रंग शिकवू नये.

आणि ते 'ताई'. आधी ताई म्हणायचं आणि मग चिमटा काढायचा, ही आपल्या इंदुरातली जुनी खोड. टीका मला चालते. लेख चुकला म्हणा, मी वाद घालीन. पण हसरा चेहरा चिकटवून वाद टाळणं याला स्पष्टवक्तेपणा म्हणत नाहीत.

माणिकबागेबद्दल. उदाहरण चांगलं घेतलंत, पण माझ्या बाजूचं घेतलंत. 1930 च्या सुमारास इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराने तो महाल सजवला. तिथल्या काही आरामखुर्च्यांत वाचनाचे दिवेसुद्धा बसवलेले होते, इतका बारीक विचार. पण खुद्द त्या महालात युरोपातल्या वेगवेगळ्या रचनाकारांच्या वस्तू होत्या : आयलीन ग्रेची खुर्ची होती, रुलमनचं टेबल होतं, ल कॉर्बुझिएची लांब खुर्ची होती. वेगवेगळ्या हातांच्या वस्तू एका छपराखाली नांदत होत्या, कारण निवडणाऱ्याची नजर एक होती. 1980 मध्ये मोनाकोच्या लिलावात त्यांतल्या पुष्कळ विकल्या गेल्या, आज महालात केंद्रीय कर खात्याचं कार्यालय आहे. एका घडणीचा आग्रह असेल तर दाखला दुसरा शोधा.

मी काय म्हटलं होतं ते तुमच्यासाठी पुन्हा लिहिते. दिव्यांची घडण जुळली नाही तरी चालेल, उजेडाचा रंग जुळला पाहिजे. बल्बच्या खोक्यावर उजेडाच्या रंगाचा आकडा केल्विनमध्ये दिलेला असतो. 2700 म्हणजे जुना पिवळा तारेचा बल्ब, 6500 म्हणजे आपली पांढरी ट्यूब. 2015 नंतर सरकारच्या उजाला योजनेतले नऊ वॉटचे पांढरे बल्ब घरोघर गेले आणि अनेकांच्या बैठकीत एका भिंतीवर निळसर आणि दुसऱ्या भिंतीवर पिवळा उजेड नांदायला लागला. महाराणी रोडच्या दिव्यांच्या बाजारातून अगदी एका सेटचं झुंबर आणि भिंतीवरचे दिवे आणा, एकात 3000 आणि दुसऱ्यात 6500 घाला, ते परकेच दिसतील. माझ्या खोलीत हंडी आहे, पितळेची शेड आहे, तीन पायांचा काळा उभा दिवा आहे. सगळ्यांत 3000. शिवाय पितळ तिन्हीकडे थोडं थोडं आहे, उभ्या दिव्याची तर नुसती मान पितळेची. खोली बांधून ठेवायला एवढं पुरतं. न पुरायला काय झालं?

भाड्याच्या घराचं म्हणाल, तर बल्ब बदलायला भिंत फोडावी लागत नाही. यापुढे त्यावर काही लिहीत नाही.

राहिला वडिलांचा पेपर. माझा लेख वाचनाच्या दिव्याबद्दल नव्हता, बैठकीबद्दल होता. तरी सांगते, कारण त्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. त्यांना कमी पडतोय तो उजेड, त्याला पांढरा रंग हा उपाय नाही. खोलीभर ट्यूब लावण्यापेक्षा खुर्चीच्या मागे, खांद्याच्या किंचित वर, मान वळवता येणारा एक दिवा लावा. आठशे ल्युमेनच्या पुढचा बल्ब घ्या, दुकानदार वॉट सांगेल, म्हणजे वीज किती लागते ते; तुम्ही ल्युमेन विचारा, म्हणजे उजेड किती पडतो ते. ते शब्दकोडं सोडवत असतील आणि उजव्या हाताने लिहीत असतील, तर दिवा डाव्या बाजूला, म्हणजे हाताची सावली कोड्यावर पडणार नाही. डावरे असतील तर उजव्या.