मोटर लावली की तो ग्लायडर उरत नाही म्हणे

एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. त्यात म्हटलंय की आरसी (रिमोटवर उडवायच्या) ग्लायडरच्या स्पर्धांत आता दम राहिला नाही, मोटर लावून वर जायचं, थर्मल (वर चढणारी गरम हवा) इलेक्ट्रॉनिक्स शोधून देतं, आणि शेवटी ज्याच्याकडे सगळ्यात हलकं आणि महागडं कार्बनचं मॉडेल तोच जिंकतो. लोक "अगदी खरं" म्हणून पुढे ढकलतायत, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

आधी मोटर. हा राग एफ५जे वर, म्हणजे मोटरने वर जाऊन मग ती बंद करून तरंगायच्या स्पर्धेवर, आहे हे उघड आहे, पण नियम वाचलेत का? मोटर जास्तीत जास्त ३० सेकंद चालवता येते आणि विमानात बसवलेलं छोटं यंत्र, मोटर बंद झाल्यानंतरच्या १० सेकंदांपर्यंत गाठलेली सगळ्यात जास्त उंची नोंदवून ठेवतं. त्या उंचीचे मार्क कापले जातात, २०० मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा आणि त्याच्या वर दर मीटरला चक्क ३. म्हणजे ६० मीटरवर मोटर बंद केली तर ३० मार्क गेले, २०० ला १०० आणि २१० ला १३०. दुसरीकडे हवेत काढलेल्या प्रत्येक सेकंदाला १ मार्क, १० मिनिटांचे ६००. आता सांगा, ६० वर थांबून लिफ्ट (वर उचलणारी हवा) सापडेल यावर डाव लावायचा की १५० पर्यंत जाऊन निवांत शोधायचं? खाली थांबलात आणि सिंकमध्ये (खाली जाणाऱ्या हवेत) अडकलात तर पाचव्या मिनिटाला जमिनीवर, ३०० मार्क पाण्यात, आणि घाबरून मोटर परत चालू केलीत तर त्या फ्लाइटचा शून्य. मला तर वाटतं दोर लावून सगळे जवळपास सारख्याच उंचीवरून सुटायचे त्यापेक्षा हे जास्त निर्दयी आहे.

इलेक्ट्रॉनिक्सचं एका वाक्यात संपतं. एफ५जे आणि एफ३के (हाताने फेकायच्या ग्लायडरचा वर्ग) मध्ये विमानाकडून पायलटला उंची किंवा चढ-उतार कळवणारी टेलिमेट्री चालत नाही, सिग्नल आणि बॅटरीचा व्होल्टेज तेवढा चालतो. थर्मल शोधायचं ते शेपटी कशी उचलली जातेय, पक्षी कुठे घिरट्या घालतायत, गालावरचा वारा अचानक कुठून यायला लागला यावरूनच.

"हलकं तेवढं चांगलं" हे अर्धवट खरं आहे आणि म्हणूनच जास्त पसरतं. शांत हवेत हलकं मॉडेल हळू खाली येतं, मान्य. पण वारा सुटला की तेच मॉडेल लिफ्टसोबत मागे वाहत जातं आणि परत यायलाच जमत नाही. वजन दुप्पट केलं तर ग्लाइडचा कोन साधारण तोच राहतो, फक्त वेग सुमारे १.४ पट होतो, अर्थात खाली येणंही तेवढंच वाढतं. म्हणून तर बॅलास्ट, म्हणजे जादा वजन, घालतात. उतारावरच्या एफ३एफ शर्यतीत १०० मीटरच्या १० फेऱ्या मारायच्या असतात, तिथे जोरदार वाऱ्यात लोक मुद्दाम मॉडेल जड करतात. आणि डायनॅमिक सोअरिंग (डोंगरामागे वाऱ्याच्या वेगातल्या फरकातून वेग मिळवणं) बघा, स्पेन्सर लिसेनबीने २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात पार्कर माउंटनवर ताशी ८८२ किलोमीटर गाठले, मोटर नाही काही नाही, डोंगरामागचा वारा आणि वजनदार, दणकट मॉडेल!

राहिला पैसा. इथे मेसेजवाल्याचं थोडं बरोबर आहे, मोल्डमधून काढलेली कार्बनची चार मीटरची मॉडेलं महाग आहेतच, उगाच नाही कशाला म्हणू. पण म्हणूनच तर एफ३एल सारखा वर्ग वाढतोय ना, दोन मीटरचं, मुख्यतः लाकडी मॉडेल, कंट्रोलला फक्त रडर (वळवायला), एलिव्हेटर (नाक वर-खाली करायला) आणि स्पॉयलर (उतरताना उंची मोडायला), वर जायला रबर आणि दोर. घरी टेबलावर बनवता येतं. डिझाइनचं ज्ञानही कुलपात नाहीये, एमआयटीचे मार्क ड्रेला यांनी एक्सफॉइल हे पंखाचे आकार तपासायचं सॉफ्टवेअर, एजी मालिकेतले एअरफॉइल (पंखाच्या छेदाचे आकार) आणि सुपरजी सारख्या हाताने फेकायच्या ग्लायडरचे प्लॅन सगळ्यांसाठी फुकट खुले केलेत, आज दीड मीटरची जी मॉडेलं गिरकी घेऊन फेकतात त्यातल्या बऱ्याचशा मॉडेलांची मुळं तिथे जातात.

तेव्हा पुढच्या वेळी तो मेसेज आला तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा, कितव्या मीटरला मोटर बंद करशील?