मुखपृष्ठावर जागा सोडू नये

स्वखर्चाने छापावयाच्या अद्भुतरम्य कादंबरीचे लेखन आपण पूर्ण केले असेल, तर आपले मनःपूर्वक अभिनंदन. आणि केले नसेल तरी खंत बाळगू नये, कारण मुखपृष्ठ तयार होण्यासाठी आधी कादंबरी तयार असावी लागते, असा कोठेही नियम नाही. माझे स्वतःचे मुखपृष्ठ नवव्या प्रकरणाच्या सुमारास पूर्ण झाले आणि पुढची अठरा प्रकरणे मी त्या चित्राला धरून लिहिली. चित्रात लांडगा आला होता, म्हणून कथेत लांडगा आणावा लागला. आणि तो आल्यावर त्याला काहीतरी काम द्यावे लागले.

या बाबतीत इंदूरच्या मराठी लेखकाला एक उपजत लाभ मिळालेला आहे. पुण्यामुंबईकडे पोह्यांवर चिमूटभर ओले खोबरे आणि कोथिंबीर पडली की करणारा हात धुऊन मोकळा होतो. आपल्याकडे वाफेवर गरम राखलेल्या पोह्यांवर आधी जिरावण हा मसाला पडतो, मग शेव, मग कांदा, मग कोथिंबीर, जमल्यास डाळिंबाचे दाणे, त्यावर लिंबू. आणि एवढे होऊनही बशीची एखादी कड उघडी दिसलीच, तर तेथे जिलेबी ठेवली जाते. खाली पोहे आहेत, हे आपल्याला केवळ विश्वासाने ठाऊक असते. मुखपृष्ठाचे सगळे शास्त्र या एका बशीत सामावलेले आहे. जेथे जेथे रिकामी जागा दिसेल तेथे तेथे काहीतरी घालावे, आणि खाली कादंबरी आहे यावर वाचकाने विश्वास ठेवावा.

तेव्हा प्रथम कथेतील सर्व वस्तूंची यादी करावी आणि त्यांतील एकीवरही अन्याय होऊ देऊ नये. ड्रॅगन, किल्ला, तेजस्वी तलवार, डोक्यावरून झूल ओढून पाठमोरा उभा असलेला पुरुष, हिरव्या डोळ्यांची राजकन्या, दोन चंद्र आणि त्या दोघांनाही पुरून उरेल एवढी वीज ही केवळ सुरुवात झाली. माझ्या मुखपृष्ठावर बावीस वस्तू होत्या आणि त्या कथानकाच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडल्या होत्या, ही माझी स्वतःची कल्पना. एका वाचनप्रिय स्नेह्यांनी प्रत हातात घेऊन ते चित्र तीन-चार मिनिटे अत्यंत गांभीर्याने पाहिले आणि विचारले, “म्हणजे राणी शेवटी मरते तर?” मी होय म्हणालो. त्यांनी समाधानाने प्रत परत केली.

कादंबरीतले राज्य कोठे वसलेले आहे, याचा मुखपृष्ठाशी संबंध लावू नये. माझे राज्य नर्मदेच्या उत्तरेला, विंध्याच्या कुशीत होते. तेथील प्रजा मक्याची भाकरी खात होती आणि वैशाखात होरपळत होती. तरीही मुखपृष्ठावर मी बर्फाच्या शिखरावरचा, निमुळत्या निळ्या छपरांचा किल्लाच घेतला, कारण किल्ला म्हटला की तो तसाच असावा लागतो. अशा चित्रांतील बहुतेक किल्ले एकाच घराण्यातले असतात. त्यांचा मूळ पुरुष म्हणजे बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने बांधायला घेतलेला नॉयश्वानस्टाइन. त्याचे काम १८६९ मध्ये सुरू झाले, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली त्यानंतर सोळा वर्षांनी. पण दहा हजार वर्षांपूर्वी घडणाऱ्या कथेला तो प्राचीन म्हणून निर्वेध चालतो. आमचा इंदूरचा राजवाडा त्याच्याहून शंभरावर वर्षांनी वडील आहे, खाली दगडी आणि वर लाकडी असे सात मजले घेऊन भर बाजारात उभा आहे, आणि १८०१, १९०८ व १९८४ अशा तीन वेळा तो आगीत सापडला, तोही एकाही ड्रॅगनाची मदत न घेता. मांडूचा जहाजमहाल दोन तलावांच्या मध्ये पावसाळ्यात खरोखरच तरंगत असल्यासारखा दिसतो. परंतु या ठिकाणी आपला वाचक सहलीला जाऊन आलेला असतो, त्याने तेथे चटई अंथरून पुरीभाजी खाल्लेली असते, आणि ज्या जागी लोणच्याची बरणी सांडली होती त्या जागेबद्दल माणसाला गूढ वाटत नाही.

चित्रकाराकडे जावे की नाही, हा प्रश्न पूर्वी बिकट होता. चित्रकार मानधन मागतो, हे एक वेळ सोसता येते. तो हस्तलिखित वाचायला मागतो, हे मात्र सोसवत नाही. सुदैवाने आता संगणकाला एक वाक्य लिहून दिले की अर्ध्या मिनिटात चार चित्रे मिळतात आणि चारांपैकी एकही ‘मधल्या भागात गोष्ट जरा रेंगाळते’ असे म्हणत नाही. या चित्रांत नायकाच्या उजव्या हाताला सहा बोटे येण्याचा संभव असतो. अशा वेळी चित्र दुरुस्त करीत बसू नये. चौथ्या प्रकरणात ‘षडंगुळी हे त्या राजवंशाचे पुरातन लक्षण होते’ एवढे एक वाक्य वाढवावे. तलवारीवर जी अक्षरे उमटतात ती शिरोरेघेला लोंबकळत असूनही कोणत्याच भाषेतली नसतात. ती आपण निर्माण केलेली लिपी म्हणून परिशिष्टात द्यावीत.

या ठिकाणी कोणीतरी आपल्याला शहराची परंपरा ऐकवील, म्हणून सावध करतो. याच इंदुरात देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली चित्रकार बेंद्रे तयार झाले. याच गावात गुरुजी विष्णू चिंचाळकर वाळक्या फांदीला, झाडाच्या सालीला, टाकून दिलेल्या वस्तूला जरासा हात लावून तिच्यातून चेहरा उभा करीत आणि तेथेच थांबत. थांबण्याची ही सवय मुखपृष्ठाला अत्यंत घातक आहे. दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर या जुन्या मुखपृष्ठकारांची नावे निघाली, तरी विचलित होऊ नये. त्या काळी पुस्तकाच्या नावाची अक्षरेसुद्धा चित्रकार हाताने काढीत, आणि चित्र काढतानाच त्यांच्यासाठी जागा राखून ठेवीत. आपण चित्र आधी भरून घ्यावे आणि मग नाव कोठे बसवायचे याचा विचार करावा. म्हणजे ते राजकन्येच्या चेहऱ्यावर आपोआप जाते.

नावाचा विषय निघालाच आहे, तर तो सविस्तर सांगितला पाहिजे. नाव निदान एका जोडाक्षराचे आणि दोन वेलांट्यांचे असावे. माझ्या कादंबरीचे नाव ‘अग्निसिंहासन’. ज्या छापखान्यात मी गेलो तेथे मुख्यतः लग्नपत्रिका आणि फ्लेक्स निघत असत आणि संगणकावर बसलेला मुलगा एका हाताने कचोरी खात दुसऱ्या हाताने कोणाच्या तरी वास्तुशांतीचे निमंत्रण पूर्ण करीत होता. त्याने माझे चित्र उघडले, बराच वेळ न्याहाळले आणि एका कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “भिया, इधर जगह खाली दिख री है.” त्या क्षणी मला आपला माणूस भेटल्याचा आनंद झाला. त्या जागी आम्ही दोघांनी मिळून एक घुबड बसवले. मग त्याने माझे शीर्षक उचलून आपल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवले. देवनागरीची जुळणी न येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी ज्या क्रमाने टंकली जाते त्याच क्रमाने, म्हणजे अक्षराच्या नंतर, जाऊन बसते. त्यामुळे अग्नीतील वेलांटी ‘न’ला सोडून ‘स’वर आली, ‘स’ची वेलांटी ‘ह’वर गेली, आणि ‘ग’चा पाय मोडून तो वेगळा उभा राहिला. सिंहासनावर जे सत्तांतर मी ३१२ पाने खर्चून घडवले होते, ते मुखपृष्ठावर एका क्लिकने उरकले. मी चूक दाखवली तेव्हा त्या मुलाने पडद्यावरचे शब्द निरखून विचारले, “मराठी में ऐसा नहीं होता क्या?” मुक्तासारखे चांगले युनिकोड फॉण्ट फुकट मिळतात आणि जुळणी समजणारी सॉफ्टवेअरेही आता सर्रास आहेत; पण ती वापरली तर शीर्षक वाचता येते, आणि वाचता येणाऱ्या शीर्षकाकडे कोण थांबून पाहतो?

अक्षरांना सोनेरी फॉइल लावावेच. ज्या गावाच्या सराफ्यात दिवसा सोने विकले जाते आणि रात्री त्याच दुकानांच्या ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि गराडू नावाचा तळलेला कंद, तेथे सोन्याशिवाय पुस्तक काढणे शोभत नाही. बारीक अक्षरांवर तापलेला ठसा दाबला की ‘ळ’, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांची पोटे फॉइलने भरून जातात, हा एक अतिरिक्त अलंकार समजावा. बाकी पृष्ठभूमी काळी ठेवून तिच्यावर मॅट लॅमिनेशन करावे; म्हणजे गराडू खाऊन ज्यांनी ज्यांनी प्रत हाताळली त्यांच्या बोटांचे ठसे त्यावर कायमचे राहतात. रंगांची निवड मात्र मोबाइलच्या पडद्यावर आणि तीही रात्री, दिवे मालवून करावी. पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाने चमकतो. छापखाना निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाईंनी छापतो, आणि पडद्यावरचा तो विजेसारखा जांभळा या चार शाईंच्या आवाक्यातच येत नाही. माझ्या ड्रॅगनाचा दिव्य निळा श्वास कागदावर उतरला तेव्हा त्याला कपड्यांच्या निळीची कळा आली होती. प्रूफ काढून पाहिले असते तर हे आधीच कळले असते, म्हणूनच प्रूफ काढू नये.

अंतिम मान्यतेसाठी चित्र कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकावे आणि प्रत्येकाची सूचना अमलात आणावी. आमच्या मावशींना कार्यारंभी गणपती हवा होता. सासऱ्यांना माझे छायाचित्र हवे होते, आणि तेही कोट घातलेले. वहिनींनी राजकन्येच्या दंडांविषयी नापसंती व्यक्त केल्यामुळे तिला शाल पांघरली गेली. गणपती वरच्या उजव्या कोपऱ्यात बसवल्यावर असे लक्षात आले की ड्रॅगन नेमका त्यांच्याकडे तोंड करून ज्वाला सोडत आहे. त्यामुळे एकूण देखाव्याला आरतीचे स्वरूप आले. मावशींनी हात जोडल्याची खूण पाठवली. पुस्तक मात्र त्यांनी अद्याप वाचलेले नाही.

पुस्तकाचा कणा, ज्याला छापखान्यात स्पाइन म्हणतात, त्याची रुंदी अंदाजाने ठरवावी. अ‍ॅमेझॉन आपल्या छपाईसाठी पांढऱ्या कागदाचे एक पृष्ठ ०.००२२५२ इंच आणि क्रीम रंगाच्या कागदाचे ०.००२५ इंच जाड धरते. त्या हिशेबाने ३१२ पृष्ठांचा कणा पांढऱ्या कागदावर सुमारे १८ आणि क्रीमवर सुमारे २० मिलिमीटर होतो. लेखकाने असल्या दोन मिलिमीटरांत लक्ष घालू नये. मी घातले नाही, आणि माझे नाव अर्धे कण्यावर व अर्धे मलपृष्ठावर असे विभागले गेले. पुस्तक कपाटात ठेवले की मी आडनावापुरता उरतो.

विक्रीच्या संकेतस्थळावर हे सारे पोस्टाच्या तिकिटाएवढे दिसेल, अशी भीती काही जण घालतात. १६०० बाय २५६० पिक्सेलचे चित्र आक्रसून अंगठ्याच्या नखाएवढे झाले की बावीस वस्तूंचा एक काळपट डाग उरतो, हे खरेच आहे. त्यावर उपाय म्हणजे वाचकाने चित्र मोठे करून पाहावे. ‘खंड पहिला’ हे शब्द मात्र त्या आकारातही ठळक दिसतील एवढे मोठे घ्यावेत, म्हणजे पुढचे सहा खंड येणार आहेत याची लोकांना वेळीच कल्पना येते.

राहता राहिला मलपृष्ठाचा खालचा उजवा कोपरा. तेथे बारकोड असतो. त्याचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्याला तेरा अंक असतात आणि तो छपाईच्या आधी मागायचा असतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मला ठाऊक होत्या. क्रमांक येईल तेव्हा येईल म्हणून त्या मुलाने कोपऱ्यात एक पांढरा चौकोन सोडून ठेवला होता. क्रमांक आला तो छपाईनंतर, आणि माझ्या तीनशेही प्रती तो कोरा चौकोन घेऊनच बाहेर पडल्या. एवढ्या परिश्रमांनंतर संपूर्ण वेष्टनावर दोन बोटे जागा मोकळी राहिली, याचे मला कित्येक दिवस वैषम्य वाटत होते.

परवा रामबागेतल्या काकूंकडे गेलो होतो. भेट दिलेली प्रत फ्रिजवर पालथी ठेवलेली दिसली. मी ती खाली घेतली. त्या पांढऱ्या चौकोनात निळ्या बॉलपेनने, अतिशय सुवाच्य अक्षरांत लिहिले होते: सोम १ लि., मंगळ १ लि., बुध अर्धा, गुरु नागा.