सम्याच्या गाडीतलं पिवळं इंजिन

"कन्व्हर्टर गेलाय म्हणाला. पंचेचाळीस हजार."

सम्यानं गाडीच्या कन्व्हर्टरचं, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणाऱ्या डब्याचं, एवढं सांगितलं आणि कट्ट्यावर तीन मतं पडली. मंग्याच्या मते गॅरेजवाला चोर. बापूंच्या मते चोर नाही, अडाणी. निख्याचं म्हणणं, आधी स्कॅन करू, मग काय शिव्या द्यायच्या त्या देऊ. प्राजक्ता तेवढी काही बोलली नाही. ती विमा कंपन्यांसाठी गाड्यांचे सर्व्हे करते, गॅरेजची बिलं वाचण्यात तिचा दिवस जातो, आणि ती गप्प असली की आपल्याला पुढं ऐकून घ्यायचंय हे समजून चालावं.

प्रकरण थोडक्यात असं. गाडी २०१७ ची, पेट्रोल. पावसाळा सुरू होता होता मीटरमध्ये चेक इंजिनची पिवळी लाईट लागली. पळायला गाडी ठीक, फक्त सिग्नलला उभी राहिली की थरथरायची. नेहमीच्या गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला, ऑक्सिजन सेन्सर (धुरात ऑक्सिजन किती ते मोजणारा) गेलाय म्हणाला, बदलला, साडेचार हजार घेतले. लाईट गेली. थोड्याच दिवसांत परत हजर. मग "पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळं सगळ्यांनाच होतंय" म्हणून टाकीत कसलीशी बाटली ओतली आणि गाडीच्या संगणकानं नोंदवलेला बिघाडाचा कोड उडवला. परत गेली, परत आली. आता थेट कन्व्हर्टर.

"पहिल्याच दिवशी लाईटवर काळी टेप मारायची," मंग्या म्हणाला. त्याची टुरिस्ट गाडी सीएनजीवर आहे, किट बाहेरून बसवलेलं. त्याचं ट्युनिंग जरा हललं की दिवा पेटतो, त्यामुळं त्या दिव्याचं त्याला काही वाटेनासं झालंय.

"आणि लुकलुकायला लागली तर?" बापूंनी विचारलं. बापू एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. "नुसती पेटलेली असली तर सवडीनं दाखव, काही बिघडत नाही. पण लुकलुकत असली म्हणजे इंजिन मिसिंग मारतंय. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडं जातं आणि कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेट घेतं. आतली जाळी वितळते लेका. मग खरंच कन्व्हर्टर घालावा लागतो. तेव्हा रेस कमी करायची आणि गाडी बाजूला घ्यायची. टेपखाली ते दिसणार कसं?"

"टेपवाले बरे," प्राजक्ता म्हणाली. "काही जण दिवाच बंद करून गाडी विकतात. जुनी गाडी बघायला गेलात तर नुसती चावी फिरवा, स्टार्टर मारू नका. तेव्हा ही लाईट लागलीच पाहिजे आणि इंजिन सुरू झालं की विझली पाहिजे. लागलीच नाही तर मालकाला नमस्कार करून घरी या."

सम्याला यातलं काहीच नको होतं. पंचेचाळीस हजार द्यायचे की नाही, एवढंच त्याला विचारायचं होतं. शिवाय गॅरेजवाल्याला चोर म्हटलेलं त्याला आवडलं नव्हतं. वडिलांच्या स्कूटरपासूनचा माणूस. खंबाटकीत मध्यरात्री गाडी बंद पडली तेव्हा हाच टोचन घेऊन आला होता.

"म्हणून काय गाडी त्याच्या नावावर करणार का?" मंग्या.

"पहिल्या वेळी कोड कुठला होता?" निख्यानं विचारलं.

कोड सम्याला पाठ नव्हता, पण गॅरेजवाल्यानं स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता. म्हणजे माणूस काही लपवत नव्हता, हे मी तरी त्याच्या बाजूनं धरलं. फोटोत एकच कोड. पी ०१७१.

"यात सेन्सर खराब आहे असं कुठं म्हटलंय?" निख्या उसळलाच. "पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन आहे. हवा जास्त, पेट्रोल कमी. सेन्सरनं फक्त तसं कळवलं. कळवणाऱ्यालाच काढून टाकला!"

"चोर सोडून संन्याशाला फाशी," बापू म्हणाले.

"पण सेन्सर बदलल्यावर लाईट गेली होती ना?" सम्याचा प्रश्न रास्त होता, आणि माझ्या मते बहुतेक लोक फसतात ते इथंच. लाईट जाते ती कोड उडवल्यामुळं. पार्ट बदललेला असो वा नसो, कोड उडवला की दिवा विझतोच; बहुतेक गाड्यांत बॅटरीची निगेटिव्ह काढून परत जोडली तरी. पुन्हा पेटायला गाडीच्या संगणकाला तीच गडबड साधारण लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसावी लागते, त्यामुळं दुरुस्ती झालीय असं वाटायला मधे पुरेसा वेळ मिळतो. कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. गडबड झाली त्या क्षणी गाडी उभी होती की घाट चढत होती, इंजिन किती गरम होतं, किती आरपीएम होते, ही सगळी नोंद तिच्यात असते. ती वाचायच्या आधी कोड उडवणं म्हणजे पंचनामा होण्याआधी जागा धुऊन काढणं.

निख्याच्या बॅगेत गाडीचे कोड मोबाइलवर दाखवणारा ब्लूटूथचा डोंगल असतोच. सम्यानं गाडी कट्ट्यासमोर आणली. स्टिअरिंगखाली गुडघ्याच्या वर सोळा पिनांचं सॉकेट असतं, तिथं डोंगल खोचला. दिवा पेटलेलाच होता. कोड तोच, पी ०१७१. कन्व्हर्टरबद्दल एक अक्षर नाही.

"म्हणजे कन्व्हर्टर चांगला आहे!" सम्या खूश.

"तसं नाही म्हणता येत," निख्या म्हणाला. "कन्व्हर्टरची चाचणी अपुरी दाखवतंय. कोड उडवला की गाडीच्या सगळ्या चाचण्या पहिल्यापासून सुरू होतात. त्यातून मिश्रणच बिघडलेलं असलं तर बहुतेक गाड्या कन्व्हर्टरची परीक्षा घेतच नाहीत. तो नापास झालाय असं आज कोणीच म्हणू शकत नाही. तुझा गॅरेजवालाही."

मग त्यानं मोबाइलवर फ्युएल ट्रिमचा आकडा लावला. माझ्या दृष्टीनं सगळ्या संध्याकाळीत बघण्यासारखी गोष्ट ही एकच. मिश्रण लीन दिसलं की संगणक आपल्या हिशोबापेक्षा किती टक्के जास्त पेट्रोल सोडतोय, ते हा आकडा सांगतो. दहाच्या आतबाहेर असला तर चालून जातं. गाडी उभ्या उभ्या चालू, आरपीएम आठशेच्या आसपास, आणि आकडा अधिक २२. निख्या सम्याला म्हणाला, "रेस दे. अडीच हजारावर धर." सम्यानं धरली. आकडा उतरायला लागला. सतरा, बारा, नऊ, आणि सहावर येऊन टेकला. रेस सोडली, परत वर.

बापू तोवर बोनेटमध्ये वाकलेले होते, वर न बघताच म्हणाले, "एअर घेतीय."

निख्याला आकडा बघून जे सुचलं तेच बापूंना कानानं. फिल्टरच्या आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढं कुठंतरी, एखाद्या रबरी पाइपातून किंवा इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून, न मोजलेली हवा आत शिरतेय. आयडलिंगला, म्हणजे उभ्या उभ्या चालू असताना, इंजिन मुळात हवा घेतं थोडी, त्यामुळं एवढीशी चोरटी हवाही भारी पडते. रेस दिली की खरी हवाच इतकी येते की ती चोरटी त्यात नगण्य होऊन जाते. पेट्रोल पंप कमजोर असता तर उलट झालं असतं, रेस दिल्यावर आकडा चढला असता.

"मग इथेनॉलचं काय?" मंग्या सहजासहजी सोडत नाही. "आमच्या स्टँडवर सगळे तेच म्हणतात."

यात थोडं तथ्य आहे, आणि ते निख्यानंही कबूल केलं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळं त्याला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागं साधारण १४.७ किलो हवा, दहा टक्के इथेनॉलवाल्याला १४.१, वीस टक्केवाल्याला १३.५. म्हणजे दहाच्या हिशोबानं बनलेल्या गाडीत वीसवालं पेट्रोल घातलं की संगणकाला चारपाच टक्के जास्त सोडावं लागतं. पण ते आयडलिंगलाही आणि रेस दिल्यावरही. रेस दिल्यावर राहिलेल्या त्या सहातले काही टक्के इथेनॉलचे असतीलही. बावीस काही इथेनॉलचे नाहीत, आणि बाटली ओतून ते जाणार नव्हते.

"पाइप असणार," बापू म्हणाले. "पावसाळ्यात लागली ना लाईट? उंदीर बसतात येऊन गरम इंजिनावर, पाइप कुरतडतात." त्यांना तिथल्या तिथं क्लीनरचा स्प्रे, जो चटकन पेट घेतो, मारून भोक शोधायचं होतं. इंजिन गरम, शेजारी चहाचा स्टोव्ह पेटलेला, दोघांच्या हातात सिगारेटी. प्राजक्तानं बोनेटच खाली पाडलं.

"जुना सेन्सर परत घेतलास?" तिनं सम्याला विचारलं.

नव्हता घेतला.

"काढलेला पार्ट मागून घ्यायचा, नेहमी. कन्व्हर्टर बदलशील तर तो तर हमखास. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारातही त्याला चांगली किंमत येते. नवा घालायचा आणि जुना गॅरेजमध्ये सोडून यायचा, म्हणजे दोन्हीकडून तुझंच नुकसान."

"बघा! चोरच!" मंग्यानं टाळीसाठी हात पुढं केला. ती प्राजक्तानं दिली नाही.

"त्याच्या बिलात चेकिंगचे पैसे किती लावलेत?"

सम्यानं बिल उघडलं. सेन्सर, लेबर. चेकिंग असा रकानाच नव्हता.

"लावले असते तर दिले असतेस? हवा कुठून घेतीय ते शोधायला त्याचा अर्धा दिवस जाणार. शेवटी सापडणार दीडशे रुपयांचा पाइप. त्यानं दोन हजार मागितले असते तर याच कट्ट्यावर येऊन तू सांगितलं असतंस, दीडशेच्या पाइपाला दोन हजार लुटले म्हणून. सेन्सरचे साडेचार हजार मात्र मुकाट्यानं दिलेस, कारण खोक्यातला पार्ट डोळ्यांना दिसला."

यावर खरी जुंपली. मंग्या म्हणाला, ही चोराची वकिली झाली. नाना पेठेत पार्टचा भाव काय आणि हे लावतात काय, ते आपल्याला पाठ आहे. बापूंना राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. शोधायचे वेगळे पैसे कसले, शोधणं हेच तर मेकॅनिकचं काम. त्यावर प्राजक्ताचं उत्तर एका ओळीचं होतं. "बापू, तुम्हाला महिन्याचा पगार होता."

मला तिचं पटलं, पण सगळं नाही. पैसे मिळत नाहीत म्हणून शोधलं नाही, इथपर्यंत ठीक. न शोधताच पंचेचाळीस हजारांचा पार्ट ठामपणे सांगायचा, याला गरिबीचं कारण पुरत नाही. "मला कळत नाहीये, दुसरीकडं दाखवा," हे वाक्य तर फुकट आहे. ते म्हणणारा मेकॅनिक सापडला की त्याचा नंबर मी जपून ठेवतो.

शेवटी सम्यानं फोन लावला, स्पीकरवर. कन्व्हर्टर आत्ता नको म्हणाला. आयडलिंगला ट्रिम बावीस आणि रेसवर सहा दिसतोय, एअर कुठून घेतेय ते शोधा, चेकिंगचे पैसे वेगळे देतो, अगदी काही सापडलं नाही तरी. आणि सापडेपर्यंत कोड उडवू नका.

पलीकडून आधी "हे कोणी सांगितलं तुम्हाला?" आलं. मग जरा नरमाईनं, "साहेब, मला पण तीच शंका होती. पण धुराचं मशीन नाही ना आपल्याकडं. इंटेकमध्ये धूर सोडला की जिथून गळतंय तिथून तो बाहेर येतो. भोसरीत एकाकडं आहे. मी स्वतः गाडी घेऊन जातो, शनिवारी. आठशे घेईल तो, माझे वेगळे काय ते बघू."

सम्या हो म्हणाला. शंका होती तर कन्व्हर्टर कशाला सांगितला, हे विचारायचं त्याच्या तोंडावर आलेलं आम्हाला दिसलं; विचारलं नाही त्यानं. फोन ठेवताना "जुना सेन्सर असेल तर काढून ठेवा" एवढं मात्र म्हणाला, आणि पलीकडून "बघतो" आलं.

"भोसरीवाल्याकडं याचं कमिशन असणार," मंग्या म्हणाला.

"असू दे," प्राजक्ता म्हणाली. "आठशेत कितीसं असणार?"