मॉडेल उतरवायचं कसं?

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला जिना शिकवतात. शिकवतात म्हणजे घोटून घेतात. पायरीची उंची तो रायझर, पाऊल ठेवायची रुंदी तो ट्रेड. दोन रायझर अधिक एक ट्रेड बरोबर साधारण सहाशे मिलिमीटर. हे सूत्र सतराव्या शतकात फ्रान्स्वा ब्लॉंदेल नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी मांडलं आणि त्या पापाची फळं जगभरची पोरं अजून शीटवर लाल पेनने भोगताहेत. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडात राहत्या घराला रायझर जास्तीत जास्त १९० आणि ट्रेड कमीत कमी २५०. पुण्यात आमच्या वर्गातल्या एकाने ट्रेड २४० काढला, तर सरांनी शीट हातात धरून सगळ्यांसमोर विचारलं, "यावरून आजीला उतरवणार का रे?" तो बिचारा अजून कुठेही गेला की आधी पायऱ्या मोजतो.

चौथ्या वर्षाला एका सेमिस्टरपुरती नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला आले आणि माझी खात्री पटली, की डच लोक आजीला खिडकीतून उतरवत असणार.

सामान तरी नक्की खिडकीतूनच जातं-येतं. कालव्याकाठच्या जुन्या घरांकडे मान वर करून पाहा. अगदी शेंड्याला एक तुळई बाहेर आलेली दिसेल आणि तिला लोखंडी आकडा. कालव्याकाठची जागा महाग, म्हणून प्लॉट चिंचोळे आणि खोल. घरं वाढली ती वरच्या वर. जिन्याच्या वाट्याला उरलासुरला कोपरा आला आणि तेवढ्यात चार मजले चढवायचे म्हटल्यावर जिना बिचारा आडवा होणार कुठे? तो उभाच राहिला. त्यावरून पलंग नेणं माणसाचं काम नाही. मग आकड्याला कप्पी, कप्पीला दोर आणि पलंग खिडकीतून आत. वर जाताना तो भिंतीवर आपटू नये म्हणून कितीतरी घरांचा दर्शनी भाग मुद्दाम रस्त्याकडे झुकता बांधलाय. जिना दुरुस्त करण्यापेक्षा अख्खं घर पुढे वाकवणं ज्यांना सोपं वाटलं, त्यांच्याकडे मी डिझाईन शिकायला आले होते.

इथल्या कायद्यातही नव्या घरांसाठी माणसात बसतील असे आकडे आहेत. पण जुन्या इमारतीला २२०चा रायझर आणि १३०चा ट्रेड चालतो. एकशे तीस! म्हणजे अर्धं पाऊल. उरलेलं अर्धं तुम्ही हवेत ठेवायचं. बरं, सूत्रात घालून बघावं तर बावीस दुणे चव्वेचाळीस, म्हणजे ४४०, अधिक १३०, झाले ५७०. ब्लॉंदेलसाहेबांकडे दाद मागायला जावं, तर ते म्हणणार, तीसच मिलिमीटरचा तर प्रश्न आहे, मुली, सांभाळून घे.

माझी खोली पोटमाळ्यावर. जिन्याला कठडा नाही. भिंतीतल्या कड्यांतून ओवलेला एक जाड दोर आहे. तो सगळीकडे खरखरीत, पण वळणावर मात्र हातभर लांबीचा तुकडा काळाकुळकुळीत आणि गुळगुळीत झालाय. पिढ्यान् पिढ्या भाडेकरूंनी नेमकं तिथेच देवाचं नाव घेतलेलं दिसतं. पायऱ्यांचं लाकूड मधोमध झिजून खोलगट झालंय, म्हणजे १३०पैकी कामाचे किती हे विचारायला नको. मी पहिल्या दिवसापासून उलटी उतरते, तोंड पायऱ्यांकडे आणि पाठ सगळ्या जगाकडे. घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. त्या एका हातात कॉफीचा कप आणि काखेत वर्तमानपत्र घेऊन सरळ तोंडाने तरातरा उतरतात आणि वाटेत मी आडवी आले तर थांबून हवामानावर बोलतात. मी दोराला लोंबकळत "हो ना, फारच वारा" म्हणते.

पोटमाळ्याला नावं ठेवू नयेत, हे मात्र खरं. डच आर्किटेक्ट गेरिट रिटव्हेल्डने १९२४ साली उट्रेख्टला श्रोडरबाईंसाठी जे घर बांधलं, ज्याच्या सरकत्या भिंतींवर टीपा लिहून आमची हिस्ट्रीची पेपरं पार पडली, त्याचा वरचा मजलासुद्धा कागदोपत्री माळाच होता. नियमात दुसरं काही बसेना. फरक एवढाच की त्यांच्या माळ्यावर भिंती सरकायच्या, माझ्या माळ्यावर मी सरकते. छप्पर दोन्ही बाजूंनी उतरतं. ताठ उभं राहायचं तर पलंग आणि टेबलाच्या मधली पट्टी तेवढी आहे, आणि तिथे माझ्या प्रकल्पाचं मॉडेल, म्हणजे इमारतीची छोटी प्रतिकृती, ठेवलं होतं.

तर मॉडेल. प्रकल्प होता रॉटरडॅममध्ये वृद्धांसाठी घरं. १४ मे १९४० च्या बॉम्बहल्ल्यात त्या शहराचा मध्यभाग बेचिराख झाला, त्यामुळे तिथे सगळं नवं, रुंद, ऐसपैस. मी हात सैल सोडून डिझाईन केलं. मधोमध एक चौक आणि चौकातून वर जाणारा संथ जिना. रायझर १५०, ट्रेड ३००, दर दहा पायऱ्यांवर बसायला बाक. पोटमाळ्यावर राहून काढलेला जिना आहे हे पाहणाऱ्याला लगेच कळलं असतं. सगळ्यांच्या मॉडेलचा पाया ६० बाय ९० सेंटिमीटरच हवा, असं स्टुडिओचं फर्मान होतं, आणि रात्री दहाला वॉचमनकाका अतिशय गोड हसून आम्हाला इमारतीबाहेर काढत. नाइट मारायची म्हणजे घरीच. पुण्यात सबमिशनच्या आदल्या रात्री आई चहा करते, बाबा सनबोर्ड धरून बसतात, धाकटा भाऊ फेव्हिक्विकने स्वतःची बोटं चिकटवून घेतो, आणि सकाळी रिक्षावाले काका "ताई, खड्डे चुकवून घेतो" म्हणत मांडीवरच्या मॉडेलसकट पोचवतात. इथे मला सोबत होती ती हेगच्या बाजारातून आणलेल्या मेथीच्या पराठ्यांची. त्या बाजारात सुरिनामी हिंदुस्तानी लोकांचे भाजीचे गाळे आहेत. त्यांचे पूर्वज १८७३पासून बिहार-उत्तर प्रदेशकडून मजूर म्हणून सुरिनामला गेले आणि पुढच्या पिढ्या इकडे आल्या. गाळ्यावरच्या मावशी भोजपुरी वळणाचं बोलतात, मी पुणेरी हिंदी. दोघींनाही एकमेकींचं अर्धंच कळतं, पण मेथीच्या जुडीची घासाघीस व्यवस्थित पार पडते.

पहाटे मॉडेल झालं. नऊला ज्यूरी, म्हणजे मास्तरांपुढे काम मांडून तोंडी उत्तरं द्यायची. घराच्या जिन्याची रुंदी साठ सेंटिमीटर, शिवाय मध्ये वळण. मॉडेल आडवं घातलं, बसेना. उभं करावं तर चौकातले वृद्ध ओघळतील. तिरकं धरून वळणापर्यंत नेलं, तिथे ते अडकलं, मी वर आणि दोर खाली. आवाजाने बाई आल्या. त्यांनी कप खाली ठेवला, म्हणजे प्रसंग गंभीर होता. मग काही न बोलता तळघरातून एक कप्पी घेऊन आल्या. त्यांच्या सासऱ्यांची. 

पुढचा अर्धा तास त्या बाईंच्या अंगात बांधकामावरचा मुकादम संचारला होता. माझ्या हातमागाच्या ओढणीत मॉडेल ठेवून चारी टोकांना गाठी मारल्या, वर दोर बांधला आणि खिडकीतून बाहेर सोडलं. खाली रस्त्यावर माझी इटालियन मैत्रीण हात पसरून उभी. बारशाला पाळण्याखालून बाळ देतात-घेतात ना, अगदी तोच थाट. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" एवढंच म्हणायचं राहिलं. दुसऱ्या मजल्यापाशी वारा आला. मॉडेल स्वतःभोवती फिरायला लागलं, उत्तरेचं अंगण दक्षिणेला गेलं, पुन्हा उत्तरेला आलं. एक झाड सुटून कालव्यात पडलं. बदकाने चोच मारून पाहिलं आणि नापास केलं.

हा देश सपाट आहे. समुद्रावरून निघालेला वारा अडवायला मध्ये एक टेकाड नाही. लोकांनी त्याचाही खेळ केलाय. वादळाची वर्दी आली की ऑस्टरस्खेल्डेच्या समुद्रबांधावर वाऱ्याच्या विरुद्ध सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धा घेतात. साडेआठ किलोमीटर, सगळ्यांना बिनगिअरची साधी सायकल. माझी सायकलही बिनगिअरचीच, शिवाय ब्रेक हँडलला नाही, पेडल उलटं मारलं की लागतो. तिच्यावर मॉडेल नेणं म्हणजे कालव्यात जायचा सरळ रस्ता. बाईंनी शेजारचं दार वाजवलं आणि बाकफीट्स मागून आणली. पुढे लाकडी खोका असलेली ही सायकल इथे आई-बाप पोरं शाळेत सोडायला वापरतात. खोक्यात बिस्किटांचा चुरा, एक मोजा आणि मनुकांची उघडी पुडी होती. वर मॉडेल ठेवलं आणि निघाले. वारा समोरून. एक शाळकरी मुलगी हात सोडून, केस विंचरत माझ्या पुढे निघून गेली.

ज्यूरीला मॉडेल टेबलावर ठेवलं तेव्हा चौकाच्या मधोमध एक मनुका चिकटलेली होती. काढायला गेले तोवर सरांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "शिल्पाची जागा छान निवडली आहेस." मी हात मागे घेतला.

मग ते जिन्याकडे वळले. इथले मास्तर आडवळणाने बोलत नाहीत.

"हा जिना फार जागा खातो. एवढा आडवा का?"

मी ब्लॉंदेल सांगितला, आपला कोड सांगितला, गुडघेदुखी सांगितली, बाक दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वृद्धांना उभा जिना चढवत नाही, हे तुला कोणी सांगितलं?"

माझ्या डोळ्यांपुढे कॉफीचा कप आणि काखेतलं वर्तमानपत्र उभं राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ज्यूरीत माझी वाचा बसली.

रात्री आईचा व्हिडिओ कॉल आला. मार्कांचं तिने काही विचारलं नाही. मॉडेल चारी बाजूंनी दाखवायला लावलं. चौक बघून खूश झाली, बाबांना हाक मारून दाखवला.

"हे टाकू नकोस बरं का. येताना घेऊन ये. गणपतीच्या आराशीला आयतं झालं. मधोमध मूर्ती बसेल, जिन्यावर पणत्या लावू."

"आई, विमानात तेवीस किलो सामान नेऊ देतात. आणि हे आधी घराबाहेर काढायचं म्हणजे..."

"मग काय झालं? एकदा उतरवलंस ना?" आई म्हणाली. "आणि ती मधली काळी मूर्ती कसली आहे गं? ती तेवढी काढ."