व्हॅट वाढला की सगळेच पूल ओलांडत नाहीत
करवाढ झाली की सीमेवरचं गिऱ्हाईक पलीकडे जातं, हे नेहमीचं म्हणणं अर्धंच खरं. मेक्सिकोने १ जानेवारी २०१४ पासून सीमापट्ट्यातला व्हॅट ११ वरून १६ टक्के केला. १००० पेसोची वस्तू ह्वारेझ या अमेरिकेच्या सीमेवरच्या मेक्सिकन शहरात १११० ऐवजी ११६० ला पडू लागली. पुलापलीकडे अमेरिकेतल्या एल पासो शहरात विक्रीकर ८.२५ टक्केच. मेक्सिकोत धान्य-भाजी आणि औषधांवर मात्र दर शून्यच होता, म्हणजे फटका कपडे, टायर, टीव्ही विकणाऱ्यांना. आणि व्हिसा नसलेला गरीब जाणार कुठे? वाढीव कर त्याच्याच माथी! पुढे डॉलर १३ पेसोंवरून २० वर गेला, तेव्हा पलीकडची खरेदीही महागली. २०१९ मध्ये उत्तर सीमेवर ८ टक्के दर आला, पण सवलतीसाठी नोंदणी केलेल्या व्यापाऱ्यांपुरताच. बाकीच्यांच्या पावतीवर १६ च.