वीसच्या वर, पन्नासच्या आत

बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरणे म्हणजे अर्धा तास फॉर्म आणि अडीच तास फोटो. नाव, पत्ता, पदवी, टक्के सगळं सुरळीत पार पडतं आणि मग ती ओळ येते : फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६०, १० ते २० केबी. बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसचे हे आकडे मला स्वतःच्या रक्तगटापेक्षा पक्के पाठ आहेत, कारण आमच्या इमारतीत ज्याच्याकडे लॅपटॉप तो तज्ज्ञ. "फोटोच तर टाकायचाय, दोन मिनिटांचं काम" असं म्हणत माणसं येतात आणि दुसरा चहा होईपर्यंत हलत नाहीत.

इंटरनेटवरच्या खऱ्या कामाच्या गोष्टी मुद्दाम शोधून सापडत नाहीत, असं माझं मत आहे. त्या या फोटोच्या मागे लागल्यावर सापडतात.

आधी हिशेब. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३०००, एक कोटी वीस लाख ठिपके. फॉर्मला हवेत ४६ हजार. म्हणजे दर २६० ठिपक्यांमागे एक ठेवायचा आणि बाकीच्यांना नारळ द्यायचा. लोक हे करत नाहीत. ठिपके तेवढेच ठेवून क्वालिटी उतरवत सुटतात. जेपीईजी (जेपीजी), म्हणजे फोटो आवळून साठवण्याची नेहमीची पद्धत, चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून त्यातला तपशील गाळते. फार गाळलं की चौकोन उघडे पडतात आणि उमेदवार न्हाणीघराच्या फरशीसारखा दिसू लागतो.

म्हणून क्रम असा : आधी कापा, मग लहान करा, क्वालिटीला हात सर्वांत शेवटी.

कापायचं का? स्टुडिओतला पासपोर्ट फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा, म्हणजे फॉर्मच्या चौकटीपेक्षा अंगाने बारीक. तो तसाच २०० बाय २३० मध्ये कोंबला तर चेहरा रुंदीत बारा टक्के सुटतो. लग्नानंतर हे आपोआप होतं, फॉर्मसाठी घाई नको. डोक्यावरची आणि छातीखालची पट्टी थोडी छाटली की प्रमाण जमतं.

पुढचं काम स्क्वूशचं (Squoosh). गूगलच्या क्रोमवाल्यांनी २०१८ मध्ये काढलेली ही फुकट साइट. फोटो त्यावर ओढून टाकायचा, उजवीकडे रिसाइझ चालू करून २०० आणि २३० लिहायचं, खाली मोझजेपेग (जेपीजीच बनवणारा पर्याय) निवडायचं आणि क्वालिटीची पट्टी सरकवायची. खाली केबी तिथल्या तिथे बदलताना दिसतात. मधली उभी रेघ ओढली की एका बाजूला मूळ चेहरा, दुसऱ्या बाजूला फॉर्मचा चेहरा.

पण खरा गुण वेगळाच. "५० केबी करून मिळेल" असं सांगणाऱ्या कितीतरी साइटी तुमचा फोटो, सही, आधार सगळं आपल्या सर्व्हरवर उचलून नेतात. स्क्वूशचं काम तुमच्याच ब्राउझरमध्ये चालतं. पडताळायचं असेल तर पान पूर्ण उघडल्यावर वायफाय बंद करा. पट्टी तरी सरकते, आकडे तरी बदलतात. (वायफाय परत चालू करायला विसरलात तर क्रोममध्ये डायनासोर येईल. स्पेस दाबली की तो पळतो. अडीच तासांतला अर्धा तास इथेच जातो, हे मी फॉर्म भरायला आलेल्यांना सांगत नाही.)

आता खरी गंमत. नेमक्या मापाचा फोटो नेहमीच्या ७५ क्वालिटीला बऱ्याचदा दहा केबीच्या आसपास भरतो. फॉर्म म्हणतो, किमान वीस! इतका वेळ उपाशी ठेवलेल्या फोटोला आता तूप-भात भरवायचा. पट्टी ९५ च्या पुढे न्या, वजन चढतं. पांढऱ्या भिंतीपुढचा फोटो विशेष हट्टी, कारण भिंतीत साठवण्यासारखं काही नसतंच.

सहीचं दुखणं उजेडाचं. काळं शाईपेन, कोरा कागद, दिवसा खिडकीपाशी, फ्लॅश बंद. ट्यूबलाइटखाली काढलीत तर स्वतःच्याच हाताची सावली सहीवर पडते आणि कागद राखाडी होतो. सही कॅपिटल अक्षरांत चालत नाही. आयुष्यभर कॅपिटलमध्ये सही केलेल्या माणसाचा चेहरा या क्षणी बघवत नाही.

आयफोनवाले वेगळाच प्रसाद आणतात : एचईआयसी फाइल, म्हणजे जेपीजीपेक्षा निराळ्या प्रकारे साठवलेला फोटो. तिचं नाव बदलून पुढे जेपीजी लिहिलं की झालं, असा समज आहे. पाटी बदलून वाण्याच्या दुकानाची बँक होत नाही. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा, मग नवा फोटो काढा. जुना एचईआयसीच राहतो.

या धडपडीत फॉर्मची साइट "सेशन एक्स्पायर्ड" म्हणतेच. चुकून बंद केलेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टी ने परत येतो. त्यात भरलेलं येईलच असं नाही. म्हणून विंडोजमध्ये विंडोज-व्ही दाबून क्लिपबोर्ड हिस्टरी आधीच चालू करून ठेवावी. कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी तिथे रांगेत उभ्या राहतात. पत्ता, रोल नंबर, पदवीचं लांबलचक नाव टिचकीसरशी परत. संगणक रीस्टार्ट केला की रांग मोडते, पिन केलेलं तेवढं उरतं. पासवर्ड मात्र कॉपी करू नका, तोही बिचारा रांगेत दिसतो.

एवढं करून फोटो चढतो, हिरवी टिकली येते, पैसे भरले जातात. महिन्या-दोन महिन्यांनी कॉल लेटर येतं. त्यावर एक रिकामी चौकट असते आणि सूचना असते : इथे फोटो चिकटवा, शक्यतो फॉर्मवर दिला होता तोच. तेव्हा पुन्हा बेल वाजते. "डिंक आहे का हो तुमच्याकडे?"