मिडिएशन फेल करायचंय? मग हे वाचाच

तर जजसाहेबांनी तुमचा भावाबरोबरचा जमीन-विहिरीच्या वाटपाचा दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली मिडिएशनला, म्हणजे तिऱ्हाईत मध्यस्थासमोर बसून समझोता करायला, पाठवलाय. घाबरू नका, लगेच काही मिटत नाही. आपण जाऊन बसायचं, चहा प्यायचा, तारीख घ्यायची. आणि त्या कलमात मिडिएशन न् न्यायिक तडजोड यांच्या व्याख्याच उलट्यापालट्या छापल्या गेल्या होत्या, हे सुप्रीम कोर्टानेच २०१० साली दाखवून दिलं, मग आपण गट नंबरात थोडा घोळ घातला तर कुठे बिघडलं?

आता मिडिएटर, म्हणजे तो मध्यस्थ. त्याने ४० तासांचं ट्रेनिंग घेतलंय का वगैरे फालतू चौकशा करू नका, त्याची सासुरवाडी कुठली ते आधी काढा. माणूस आपला पाहिजे. त्याला निकाल देताच येत नाही, मग आपला असून उपयोग काय, असं वकील विचारतील, तिकडे लक्ष देऊ नका. भावाने नाव सुचवलं की नाही म्हणायचं, आणि तुमच्या मनातलंच नाव त्याने सुचवलं तर समजून जा, यात नक्की डाव आहे.

इथलं बोलणं पुरावा म्हणून कोर्टात वापरता येत नाही, असं मिडिएटर सुरुवातीलाच सांगेल. झालं, मोकळं रान! विहीर राहू द्या बाजूला, धाकट्याच्या लग्नात तुमच्या सासऱ्यांना टोपी न् टॉवेल द्यायचा राहिला होता तिथून सुरू करा, एक बैठक आरामात जाते.

खरा धोका पुढे आहे. तो तुम्हाला एकट्याला आत घेतो, वही मिटतो, पेनाला टोपण लावतो आणि हळूच विचारतो, "काका, तुम्हाला नेमकं काय हवंय?" चुकूनही "विहिरीवरच्या मोटारीची पाळी आठवड्यातनं तीन दिवस" असलं काही बोलून जाऊ नका, भाऊ हो म्हणाला तर काय करणार? "मला न्याय हवाय" म्हणा. न्यायाला हॉर्सपॉवर नसते, पाळी लावता येत नाही.

तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते म्हणे. मिळू दे, आपण काय पैशासाठी भांडतोय?

आणि एवढं करूनही सगळं जुळत आलंच, तडजोडीची पुरशिस (कोर्टात द्यायचा लेखी कागद) टाइप होऊन सहीला समोर आली, तर चष्मा पुसत शांतपणे विचारा, "अन् बांधावरच्या चिंचेचं काय?" चिंच मागच्या वादळातच पडलीये, पण भावाला ते आठवेपर्यंत पाच वाजतात.